शिडी अरुंद आहे, पण माळ्यावर चढतंय कोण?

पत्र थोडं कापून देतो आहे (त्यातला स्लॉट म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायची खाच, आणि ३.०, ४.० म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या ‘पीसीआय एक्सप्रेस’च्या पिढ्या):

‘काका, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि गेल्या महिन्यात आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं, ८ जीबीचं. कॉम्प्युटर जुना आहे: आय५-९४००एफ, बी३६५चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक. पुण्याचा दादा म्हणतो, तुझा स्लॉट ३.० आहे आणि कार्ड ४.०चं, म्हणजे अर्धं कार्ड वाया. मी कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून पाहिलं तर तिथे ३.०सुद्धा नाही, ‘एक्स८ १.१’ लिहिलेलं! गेम चांगले चालतात, पण मधूनच झटके बसतात. सिल्व्हर मॉलमध्ये एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, बोर्ड बदला. रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड आणि नवी रॅम मिळून सत्तावीस हजार. बाबा म्हणतात, एवढंच असेल तर कार्डच परत कर. मी थ्रीडी मॉडेलसाठी ब्लेंडरही वापरतो. काय करू?’

अरे, आधी बाबांना सांग की कार्ड परत करायचं नाही. आणि सत्तावीस हजार खिशात ठेव. का ते सांगतो, पण त्याआधी त्या १.१चं भूत उतरवू, कारण त्यानेच तुझी झोप उडवलेली दिसते.

डेस्कटॉप नुसता उघडा असतो तेव्हा कार्ड झोपेत असतं. वीज वाचवायला ते स्लॉटचा वेगही खाली आणतं, अगदी पहिल्या पिढीपर्यंत. तू पाहिलास तो आकडा झोपेतला. जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’च्या ओळीशेजारी प्रश्नचिन्हाचं छोटं बटण आहे. ते दाब, छोटी चाचणी सुरू कर आणि नजर त्या ओळीवरून हलवू नकोस. एक-दोन सेकंदांत १.१चे ३.० होतात. झाले तर तुझा स्लॉट ठणठणीत आहे. माझ्याकडे या एका ओळीचा फोटो पाठवून ‘काका, फसलो का?’ विचारणारे इतके आहेत की उत्तर मी टाइप करूनच ठेवलंय.

आता ‘एक्स८’. हे तुझ्या बोर्डाचं पाप नाही, कार्डच आठ लेनचं, म्हणजे माहिती जायच्या आठ मार्गिकांचं आहे. कॅबिनेट उघडशीलच, तेव्हा कार्ड काढून त्याची सोनेरी कड उजेडात धर. अशा बऱ्याच कार्डांवर कडेच्या पुढच्या भागात सोनेरी पट्ट्या असतात आणि मागचा भाग कोरा असतो. प्लॅस्टिकची लांबी सोळा लेनची, तारा आठच. तुला सोळा लेनचा स्लॉट दिला काय आणि आठचा दिला काय, या कार्डाला फरक पडत नाही.

म्हणजे दादाच्या बोलण्यातला खरा मुद्दा एकच उरतो: चौथ्या पिढीचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये. त्याचा हिशोब करू. तिसऱ्या पिढीत एक लेन सेकंदाला एक जीबीपेक्षा किंचित कमी नेते, चौथ्यात त्याच्या दुप्पट. तर आठ लेन मिळून तुला सेकंदाला सुमारे ८ जीबी मिळतात आणि दादाच्या मनातल्या बोर्डावर सुमारे १६ मिळाले असते. अर्धे झाले, खरंय. पण अर्धं काय झालं? रस्ता. कार्ड नाही. दादा तर ३.० म्हणजे इंदूरजवळच्या पाताळपाणीची मीटरगेज गाडी असल्यासारखा बोलतोय.

(जाता जाता: दुसऱ्या पिढीत लेनचा वेग सेकंदाला ५ गिगाट्रान्सफर, म्हणजे ५ अब्ज बिट होता आणि २०१० साली आलेल्या तिसऱ्यात ८. हे दुप्पट नव्हे. तरी माल जवळजवळ दुप्पट जायला लागला, कारण आधी दर १० बिटांतले २ नुसत्या बंदोबस्तासाठी खर्च व्हायचे. तिसऱ्या पिढीत १३० मागे २ वर आले. नवा रस्ता न बांधता बंदोबस्त कमी केला आणि वाहतूक वाढली. मला हे अजून आवडतं.)

आईच्या स्वयंपाकघरात जा. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो: हळद, तिखट, मोहरी, जिरं, हात लांबवला की मिळतं. वर्षाचा साठा माळ्यावर, तिथे जायला शिडी. फोडणी रोजची असेल तर शिडी रुंद की अरुंद याने काडीचा फरक पडत नाही, कारण तिच्यावर कुणी चढतच नाही. सकाळी एकदा डबा भरला की झालं. तुझ्या कार्डावरची ८ जीबी मेमरी म्हणजे हा मिसळणाचा डबा, बोर्डावरची रॅम म्हणजे माळा आणि स्लॉट म्हणजे शिडी. डब्यातून कार्ड सेकंदाला २७२ जीबी उचलतं. शिडीवरून ८. चौथ्या पिढीची शिडी लावलीस तर १६. आता २७२ पुढे ८ काय आणि १६ काय!

म्हणून गेमचं सगळं सामान ८ जीबीत मावतं तोवर तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत फरक थोडाच पडतो. जिथे सेकंदाला शंभर फ्रेम, म्हणजे शंभर चित्रं आली असती तिथे पंच्याण्णव-सत्त्याण्णव येतील. फ्रेम फार जास्त पळवल्यास, म्हणजे सेटिंग कमी करून सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर, तर फरक थोडा वाढतो, कारण प्रोसेसर दर फ्रेमला कार्डाकडे हुकूम पाठवतो आणि तेही याच शिडीवरून जातात. पण अर्धं कार्ड वाया? नाही.

गडबड होते ती डबा भरून सांडला की.

नव्या गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे भिंती-वस्तूंवर चढवलेली चित्रं, ‘अल्ट्रा’वर ठेवलंस आणि सामान साडेआठ जीबी झालं, तर उरलेलं अर्धं जीबी माळ्यावर जातं. तू कोपऱ्यावरून वळलास, समोर नवी भिंत आली, तिचं टेक्श्चर माळ्यावर आहे. हिशोब मांड: ६० फ्रेमवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. अर्धं जीबी ८च्या शिडीवरून उतरवायला ६० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे जवळजवळ चार फ्रेम चित्र थिजलं. हाच तो झटका. आता दादाचा बोर्ड घे: १६च्या शिडीवरून तेच सामान ३० मिलिसेकंदांत उतरेल, दोन फ्रेम. झटका लहान होईल, जाणार नाही. आणि टेक्श्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणलंस तर झटकाच नाही, शून्य रुपयांत. १०८०पीच्या मॉनिटरवर तो फरक शोधायला तुला भिंतीला नाक लावावं लागेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने हट्ट धरला, बजेट थोडं होतं, म्हणून मी एक चार जीबीचं कार्ड घेतलं, तेही चारच लेनचं. खोक्यावर ४.० वाचून मी खूश. घातलं कुठे? त्याच्या जुन्या एच८१ बोर्डावर. एच८१वर ग्राफिक्सचा स्लॉट दुसऱ्या पिढीचाच मिळतो, प्रोसेसर तिसरी पिढी देऊ शकणारा असला तरी. चार लेन, दुसरी पिढी: सेकंदाला २ जीबी. एजीपी ८एक्सला, म्हणजे कॉलेजात आम्ही ज्याच्यावरून भांडायचो त्या जुन्या स्लॉटला, जवळजवळ तेवढेच मिळायचे! डबा छोटा, शिडी म्हणजे दोरी. गेम सुरू झाला, पहिली दोन मिनिटं छान, मग गाडी शहरात शिरली आणि चित्र सिनेमाच्या रीळसारखं अटकायला लागलं. भाचा माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. शेवटी टेक्श्चर दोन पायऱ्या खाली आणलं आणि त्याच कार्डावर, त्याच बोर्डावर गेम सुरळीत चालला. चूक माझी होती, कार्डाच्या लेन मोजल्याच नव्हत्या. बहिणीकडे गेलो की पोह्यांबरोबर ती गोष्ट अजून वाढली जाते.

तेव्हा तुझे झटके सांडण्याचे आहेत का, ते आधी बघ. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे दोन आलेख आहेत: डेडिकेटेड मेमरी (डबा) आणि शेअर्ड मेमरी (माळा). गेम अर्धा तास खेळ, झटका बसला की लगेच बाहेर येऊन बघ. डेडिकेटेड ८ला टेकलेली आणि शेअर्ड चढत चाललेली दिसली, तर सांडतंय. टेक्श्चर कमी कर. डेडिकेटेड सहा-साडेसहाच्या आसपासच असेल आणि तरीही झटके येत असतील, तर दोष डब्याचाही नाही आणि शिडीचाही नाही.

मला वाटतं तुझ्याकडे हेच निघेल. कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस: रॅमची एकच स्टिक.

तुझ्या प्रोसेसरला रॅमच्या दोन वाहिन्या आहेत. एक स्टिक म्हणजे एक वाहिनी बंद. २६६६च्या रॅमवर एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे २१ जीबी येतात, दोन्ही चालू असल्या की ४२. शिवाय ९४००एफला सहा कोअर (काम करणारे हात) आहेत आणि सहाच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०१९ साली ते पुष्कळ होते. आज नवा गेम, मागे ब्राउझर, डिस्कॉर्ड, असं सगळं सुरू केलं की सहाही धापा टाकतात. प्रोसेसर वेळेवर हुकूम देत नाही, कार्ड हात बांधून उभं राहतं आणि तुला वाटतं कार्ड अटकलं. याची परीक्षा सोपी आहे. गेमचं रिझोल्यूशन मुद्दाम खाली आण. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्ड बिचारं रिकामंच होतं, अडत होता प्रोसेसर.

म्हणून पहिला खर्च रॅमचा. तशीच १६ जीबीची, डीडीआर४, २६६६ची दुसरी स्टिक. त्यापेक्षा वेगाची घेऊन उपयोग नाही, हा बोर्ड आणि हा आय५ तिला २६६६वरच चालवणार. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. ब्लेंडरलाही याचा फायदा होईल. ब्लेंडरच्या रेंडरिंगला स्लॉटची चिंता नकोच: सीन एकदा कार्डावर चढला की पुढची वीस मिनिटं कार्ड स्वतःशीच गणित करत बसतं. आठ जीबीत न मावणारा सीन केलास तर गोष्ट वेगळी, मग झाडांचे इन्स्टन्स (एकाच झाडाच्या बिनओझ्याच्या नकला) कर आणि टेक्श्चर लहान कर. तुमच्या सरांना ते तसंही प्रिंटमध्ये दिसणार नाही.

दुसरा खर्च, तोही रॅमने भागलं नाही तरच: याच सॉकेटमधला सेकंडहँड आय७-८७००. कोअर सहाच, पण थ्रेड बारा. बोर्ड तोच, कूलर चांगला हवा. घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरच्या यादीत तो आहे ना आणि बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) कोणतं लागतं, हे बघ.

आता त्या सत्तावीस हजारांकडे येऊ. पत्र वाचताना इथे मी चहाचा कप खाली ठेवला.

रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० यांच्यात शंभराचाच आकडा दिसतो, पण ५५००मध्ये पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचं आहे. बी५५० बोर्ड ४.० देऊ शकतो, पण ग्राफिक्सचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, प्रोसेसरकडेच ४.० नसेल तर बोर्ड कुठून आणणार? म्हणजे ३.०वर उपाय म्हणून तू सत्तावीस हजार मोजून घरी आणला असतास तो स्लॉट ३.०च! भिया, हे वाचून हसावं की रडावं? दुकानदाराने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, खोक्यावर ठळक ४.० लिहिलेलं असतं, तेवढंच बघून कोटेशन दिलं जातं. आणि खोटं का बोलू, त्या सेटने झटके थोडे कमी झालेही असते, कारण ५५००ला बारा थ्रेड आहेत आणि रॅमही नवी आली असती. मग तू सगळ्यांना सांगत फिरला असतास की बघा, ४.०ने फरक पडला!

उद्या खरंच पूर्ण मशीन बदलायची वेळ आली तर ५६०० आणि बी५५० घे, किंवा आय५-१२४००एफ आणि एच६१०. या दोन्हींत ग्राफिक्सचा स्लॉट ४.० मिळतो. ५६०० जुन्या बी४५०वर लावलास तर ३.०च राहील. पण हे उद्याचं.

एक गोष्ट मात्र आजच बघ, कारण ती चुकली असेल तर वरचं सगळं फुकट: कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे? कॅबिनेटमध्ये दोन लांब स्लॉट दिसतात, दोन्ही सारखे. काही मुलं खालच्यात लावतात, कारण वरचा कूलरला खेटून असतो किंवा खाली हवा बरी खेळते म्हणून. मोबाइलचा टॉर्च लावून स्लॉटच्या आत बघ. वरच्यात धातूच्या बारीक पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत जातात. खालच्यात बऱ्याचदा सुरुवातीच्या भागात असतात आणि पुढे नुसती पोकळ खाच. त्याला चारच लेन असतात, आणि त्याही प्रोसेसरमधून न येता चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून. चिपसेट ते प्रोसेसर हा तुझ्या बोर्डावर सेकंदाला सुमारे ४ जीबीचा एकच रस्ता, आणि त्यावरून एसएसडी, यूएसबी, इंटरनेट सगळी वरात जाते. त्यात कार्ड घुसवलं तर झटके येणारच. जीपीयू-झेडमध्ये तू एक्स८ पाहिलंस, त्यावरून कार्ड वरच आहे असं दिसतं. तरी डोळ्यांनी बघ.

चाचणी करताना ओळीत एक्स८च्या जागी एक्स४ किंवा एक्स१ आलं, तर घाबरू नकोस. बहुतेकदा कार्ड नीट बसलेलं नसतं. मशीन बंद, प्लग बाहेर, पॉवरची केबल सोड, स्लॉटच्या टोकाचं कुलूप दाबून कार्ड सरळ वर काढ. सोनेरी कडेवर बोटांचा तेलकटपणा असेल तर पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पूस, चुरा ब्रशने झटक, परत बसव आणि कुलपाचा ‘टक्’ ऐकल्याशिवाय हात सोडू नकोस. इंदूरच्या मे महिन्यातली धूळ, नवीन बांधकामं, उघड्या खिडक्या: मी या ‘टक्’वर सुटलेल्या तक्रारी खूप पाहिल्या आहेत. तरीही लेन कमीच दिसल्या तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली असू शकते, तिथे मात्र स्वतः चिमटा चालवू नकोस.

रिसायझेबल बार नावाची एक गोष्ट दादा पुढच्या फोनमध्ये काढेल. साधारणपणे प्रोसेसरला कार्डाची मेमरी २५६ एमबीच्या खिडकीतून दिसते. हे चालू केलं की पूर्ण दिसते. तुझ्या बोर्डाच्या वयाच्या काही बोर्डांना कंपन्यांनी त्यासाठी बायोस दिलं. मिळालं तर चालू कर, नाही मिळालं तर जीव टाकू नकोस. इंटेलचं आर्क कार्ड घेतलं असतंस तर मी हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं, कारण ते त्याच्यावाचून फार मागे पडतं.

इतर वाचकांनी मात्र या उत्तरावर विसंबून काहीही उचलून आणू नये. कार्ड घेताना लेन आणि मेमरी दोन्ही बघा. रेडिऑनची ६४०० आणि ६५०० एक्सटी चारच लेनची आहेत आणि त्यांच्या नेहमीच्या ४ जीबीच्या आवृत्तीत जुन्या स्लॉटचा फटका खरंच जाणवतो. उलट बाजूनेही फसायला होतं: रायझन ८५००जी हा नवा प्रोसेसर आहे, पण वेगळ्या कार्डासाठी चारच लेन सोडतो. आणि सोळा लेनचं मोठं कार्ड ३.०वर लावणाऱ्यांनी निवांत राहावं. आरटीएक्स ४०९०सारख्या राक्षसालाही तिथे दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच तोटा होतो.

तर आज रात्री जीपीयू-झेडची चाचणी आणि टास्क मॅनेजर. रविवारी कॅबिनेट उघड, बाबांना टॉर्च धरायला उभं कर. आत काय आहे ते स्वतः बघितलं की कार्ड परत करायचं ते आपणच विसरतील. सोमवारी सिल्व्हर मॉलला जाशील तेव्हा फक्त रॅमचा भाव विचार, आणि जुन्या स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो बरोबर ने.